एका दीर्घिकेसाठी कोल्हापूर

कोल्हापूरची माणसं मोठ्याने बोलतात, पाहुण्याला आधी रागावतात आणि मग त्याची बॅग स्वतः उचलतात. हे वाक्य मी कोल्हापुरात उतरल्यावर पहिल्या अर्ध्या तासात मनात तयार केलं. ते ज्या एका माणसावरून केलं, तो रिक्षावाला होता. वाचकांनी हे वाक्य लक्षात ठेवावं. त्याचं काय झालं ते पुढे येईलच.

गेल्या हिवाळ्यात मी कोल्हापूरला गेले ती देवीच्या दर्शनाला नाही, चपला घ्यायला नाही आणि गुळासाठीही नाही. मी एका दीर्घिकेसाठी होकार आणायला गेले होते. आता हे जरा समजावून सांगायला हवं.

मी पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत आकाशातल्या सक्रिय दीर्घिका मोजते. माझे वडील दोंडाईच्याजवळ एका जिनिंगमध्ये काट्यावर असतात, म्हणजे कापसाच्या गाड्यांचं वजन करतात. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. त्यामुळे मी काय करते, हे घरी सांगताना मी ‘मोजते’ एवढंच सांगते. वडिलांना ते पटतं. मोजणं हे त्यांच्या लेखी सन्मानाचं काम आहे. फक्त माल कोणाचा, हे त्यांना अजून नीट कळलेलं नाही.

दीर्घिका म्हणजे असंख्य ताऱ्यांचं एक मोठं गाव. त्याच्या मध्यावर बहुतेक वेळा एक अवजड कृष्णविवर असतं. त्यात आजूबाजूचा वायू पडत असला, की आत जाण्यापूर्वी तो इतका तापतो की त्यातून क्ष-किरण बाहेर पडतात. थोडक्यात, कृष्णविवर जेवायला बसलं असेल तरच आपल्याला कळतं. उपाशी असेल तर कळत नाही. जेवत असलेल्या कृष्णविवराची दीर्घिका ती सक्रिय दीर्घिका. हे क्ष-किरण हवेतून खाली पोहोचत नाहीत, म्हणून उपग्रहावरच्या दुर्बिणी ते टिपतात. मी रात्री गच्चीवर जात नाही. मी सकाळी दहाला संगणकासमोर बसते आणि संध्याकाळी डोळे चोळत उठते.

माझं काम असं, की अवकाशाच्या ठरावीक घनफळात फार तेजस्वी किती, मध्यम किती आणि मंद किती, याचा आलेख काढायचा. तेजस्वी थोड्या आणि मंद पुष्कळ, हे जुनं ज्ञान आहे. मंद म्हणजे नेमक्या किती पुष्कळ, यावर भांडण आहे. कारण तेजस्वी दीर्घिका लांबूनही दिसते, मंद मात्र जवळ असली तरच दिसते. म्हणून जवळ एखादी मंद सापडली, की आम्ही धरून चालतो, अशा लांबवरही असणार, आपल्याला दिसत नाहीत एवढंच. मग त्या एकीला सगळ्या न दिसणाऱ्यांच्या वतीने मोजायचं. ग्रामपंचायतीत एक सदस्य अख्ख्या वॉर्डाच्या वतीने बसतो, तसं. फरक इतकाच की इथे निवडणूक होत नाही.

माझ्या आलेखाच्या मंद टोकाला अशी एकच दीर्घिका होती, आणि ती हजारोंच्या वतीने बसली होती. तिच्यामुळे माझी रेघ त्या टोकाला एकदम वर उसळत होती. ‘मंद सक्रिय दीर्घिका आजवर समजल्या त्याहून कितीतरी जास्त आहेत,’ हा माझा शोध. त्याचा सारांश वाचून परदेशातल्या एका गटाने लिहिलं होतं की लेख पूर्ण झाला की पाठवा, आमच्याकडे संशोधकाची दोन वर्षांची एक जागा आहे. वडिलांनी ही बातमी जिनिंगमध्ये सांगून टाकली होती.

लेखावर तीन नावं होती. माझं, माझ्या मार्गदर्शक मॅडमचं, आणि मॅडमना एके काळी शिकवलेल्या शिकलगार सरांचं. मोजणीची पद्धत मुळात सरांची. निवृत्त होऊन ते कोल्हापूरला आपल्या घरी राहतात. त्यांना लेख पाठवल्यावर एका ओळीचं उत्तर आलं, ‘ती एकटी कोण?’ त्यानंतर शांतता. मी तीनदा लांबलचक मेल लिहिले. फोन केला तर ते ‘आवाज येत नाही’ म्हणून ठेवून देत.

“त्यांना सगळं ऐकू येतं,” मॅडम म्हणाल्या. “तू जाऊनच ये. आणि जेवण नाकारू नकोस.”

शिवाजी पेठ

तर बसस्थानकाबाहेर मी पत्ता पाहत उभी असताना मागून आरोळी आली.

“ओ पावणं! कुटं जायाचं?”

“शिवाजी पेठेत.”

“मग बोलायचं न्हाय व्हय? कवाधरनं उभ्या ऱ्हायल्यात पुतळ्यागत!” एवढं म्हणून त्या धिप्पाड गृहस्थाने माझी बॅग उचलून रिक्षात टाकली. त्याचं नाव संभादा. कान चुरगळलेले, मान जाड, आवाज रस्ता ओलांडून पलीकडच्या दुकानात पोहोचणारा. वाटेत त्याने मला कोल्हापूर समजावलं. “ताई, पुण्यात पत्ता इचारला तर सांगत्यात. आमी पोचीवतो. मानसं बघायची तर हितली. नाद करायचा न्हाय!” सरांच्या बोळात रिक्षा जाईना, तर तो बॅग घेऊन दारापर्यंत आला आणि ओरडला, “सर, तुमचं पावणं आनलंय! जिवंत हाय!”

वर दिलेलं वाक्य माझ्या मनात तयार झालं ते इथे.

शिकलगार सर सत्तरीचे, किडकिडीत, स्वेटरवर पेठेच्या फुटबॉल संघाचा मफलर. घर दोन खोल्यांवर दोन खोल्या, शेजारी तालीम. तालमीतून अंगावर थाप मारल्याचे आवाज येत, आणि ते ऐकून सर मधूनच म्हणत, “हे नवीन पोरगं दिसतंय, थाप हलकी हाय.” त्यांच्या पत्नीला सगळी पेठ आपा म्हणते. मीही म्हणू लागले.

आपांचा पहिला प्रश्न, “तिखट चालतंय का गं?”

“चालतं.”

“पुण्याहून येनारी सगळी असंच म्हनत्यात, आन मग डोळ्यातनं पानी.”

मी पुण्याची नाही, हे सांगायचा मला संकोच वाटला. तांबडा रस्सा आला, पांढरा आला. मी जेवले. इथे मला एक नाजूक गोष्ट नोंदवायची आहे. आमच्या खानदेशात आई काळ्या मसाल्याची शेवभाजी करते तेव्हा शेजारच्या घरात ठसका लागतो. त्या मानाने कोल्हापूर आपल्या तिखटाबद्दल जितकं बोलतं, तितकं ते तिखट नाही. मी हे बोलले नाही. पण आपा माझ्या डोळ्यांकडे बघत होत्या, आणि डोळे कोरडे होते.

“लागंना व्हय तिखट?”

“छान झालंय, आपा.”

“छान न्हाय इचारलं मी. तिखट हाय का?”

“आमच्याकडे थोडं... जास्त असतं.”

सरांनी वाटी खाली ठेवली. “संपलं,” ते म्हणाले. “आता तुला आठवडाभर सोडत न्हाय ही.”

पुढचा प्रत्येक रस्सा आदल्यापेक्षा लाल होता. सर घाम पुसत जेवत, मी जेवत असे, आणि आपा माझ्या डोळ्यांवर नजर ठेवून असत. वैज्ञानिक निरीक्षण म्हणतात ते मी इतक्या चिकाटीने केलेलं क्वचित पाहिलं आहे.

जेवण झाल्यावर मी लॅपटॉप काढला. “सर, त्या दीर्घिकेबद्दल...”

“जेवताना आकाश न्हाय, जेवल्यावरबी न्हाय. आता जरा पडायचं.”

पडून झाल्यावर मी पुन्हा सुरुवात केली, तर दारात तालमीतला एक तरुण गुडघ्याचा एक्स-रे घेऊन उभा. पेठेत बातमी पसरली होती, की सरांकडे एक्स-रेवाल्या मॅडम आल्यात. मी सांगितलं, की माझे किरण जिथून येतात तिथे गुडघे नसतात. त्याने ते नम्रपणे ऐकून घेतलं आणि फिल्म सरांच्या हातात दिली. सरांनी ती खिडकीशी धरून बराच वेळ पाहिली.

“डाक्टर काय म्हनला?”

“इश्रांती.”

“मग घे की. आन उद्या मॅच हाय, बघायला ये. खेळायचं न्हाय.”

तो समाधानाने गेला. मी मात्र अजून रांगेतच होते.

स्टेडियम

आमच्याकडे फुटबॉल म्हणजे शाळेच्या क्रीडा साहित्याच्या कपाटातली हवा गेलेली वस्तू. कोल्हापुरात पेठापेठांचे संघ आहेत आणि सामन्याला बायकापोरांसह लोक येतात. सरांनी मला त्यांच्या नेहमीच्या पायरीवर बसवलं. मी ठरवलं होतं, की मध्यंतरात विषय काढायचा.

खेळ सुरू झाला आणि आमचे सर, भौतिकशास्त्राच्या विभागाचे निवृत्त प्रमुख, उभे राहिले. “आरं पास दे की! एकटाच संसार करतोय व्हय!” मग पंचाकडे बोट, “झोपलाय बघा! उटवा त्येला कुनीतरी!” मागून कोणीतरी म्हणालं, “सर, बसा, दिसंना झालंय.” सर न वळता म्हणाले, “दिसून तू काय करनार हायस?”

मध्यंतरात मी म्हणाले, “सर, ती एकटी—”

“तो सात नंबरचा बघितलास?” सर म्हणाले. “चेंडू त्याच्या पायात दोनदाच आला. दोन्ही वेळा गोल होता होता राहिला. आता आजूबाजूची काय म्हनत्यात ऐक.”

लोक म्हणत होते, असा खेळाडू पेठेत वीस वर्षांत झाला नाही.

“दोनदा,” सर म्हणाले, आणि शेंगा सोलू लागले.

मला वाटलं, हीच सुरुवात. मी पुढे सरकले. पण शिट्टी वाजली आणि सर पुन्हा उभे राहिले. उत्तरार्धात सात नंबरने तिसरा चेंडू गोलाच्या बराच वरून मारला. तो बाहेर एका भेळेच्या गाडीपर्यंत गेला असावा, कारण तिकडूनही ओरडा आला.

पन्हाळा आणि जोतिबा

दुसऱ्या दिवशी आपांनी फर्मान काढलं. “कोल्हापूरला येऊन जोतिबाला न जाता गेलीस तर लोक मला बोलतील. आन वाटंत पन्हाळा करा.” सरांनी लगेच संभादाला फोन लावला. माझा अंदाज आहे, की त्यांनाही एक दिवस माझ्यापासून सुट्टी हवी होती.

पन्हाळ्यावर पोहोचलो तेव्हा धुकं इतकं होतं, की रिक्षाचं पुढचं चाक दिसावं म्हणून संभादा वाकून चालवत होता. सज्जा कोठीच्या कठड्याशी त्याने मला उभं केलं. समोर पांढरंशुभ्र काहीच नव्हतं.

“ह्यो बगा,” तो हात फिरवत म्हणाला, “समोर जोतिबाचा डोंगर. ह्या अंगाला खाली गुऱ्हाळं. ऊस बगा कसा उबा हाय!”

“मला काही दिसत नाहीये, संभादा.”

“दिसंना झालंय. पन तितंच हाय की.” त्याला माझ्या शंकेखोरपणाचा जरा रागच आला. “आमी कोल्हापूरकर खोटं सांगत न्हाय.”

धुक्यात सगळ्यात जवळचं एक झाड मात्र दिसत होतं. मी त्या एका झाडावरून पन्हाळ्याच्या जंगलाबद्दल एक मत बनवलं. सवयीचा भाग आहे.

झुणका-भाकर आणि मातीच्या भांड्यातलं दही खाऊन आम्ही जोतिबाला गेलो. तोवर धुकं फाटलं होतं. रविवार होता. जोतिबाला गुलाल उधळतात हे मी ऐकलं होतं. पण तो वरून, बाजूने आणि मागूनही येतो हे ठाऊक नव्हतं. शिखरं, पायऱ्या, दुकानदारांचे कान, कुत्री, सगळं गुलाबी. आमच्याकडे खंडोबाला भंडारा असतो, तो झटकला की जातो. हा गुलाल झटकला की बसतो. लॅपटॉपची पिशवी मी पोटाशी धरून होते. सरांनी कधी होकार दिला तर लेख लगेच पाठवता यावा, म्हणून मी ती कुठेच ठेवत नसे. एका आजोबांनी “चांगभलं!” म्हणत जी मूठ उधळली, ती उघड्या चेनीतून थेट आत गेली.

“शुभ हाय,” संभादा म्हणाला. “आता मशीन बिघडनार न्हाय.”

‘ए’ची कळ त्या दिवसापासून अडकते.

जेवणाचं टेबल

परत आले तेव्हा दुपार होती. सर टेबलाशी बसले होते, आणि त्यांच्या पुढ्यात माझा लेख होता. प्रत्येक पान वापरलेलं दिसत होतं. एका पानावर रश्शाचा डाग होता, म्हणजे ‘जेवताना आकाश न्हाय’ हा नियम सरांना लागू नव्हता.

“बस,” ते म्हणाले. “तीक्ष्ण नजरेच्या त्या दुसऱ्या दुर्बिणीनं हिचं जुनं चित्र काढलंय. बघितलंस?”

“बघितलं, सर. उजेड मध्यापासून अगदी थोडा बाजूला दिसतो. पण ते क्ष-किरणांचं चित्र दीर्घिकेच्या साध्या चित्रावर ठेवताना तेवढा फरक पडतोच. आपल्या नियमात बसतं.”

“नियमात बसतंय. चित्रात बसतंय का बघूया.”

आम्ही बसलो. दोन्ही चित्रांत सापडणारे तारे एकेक करून जुळवायचे आणि एक चित्र दुसऱ्यावर नीट सरकवत आणायचं, एवढंच काम. ते पुण्यातही करता आलं असतं. पण पुण्यात माझा निकाल नियमात बसत होता, आणि नियमात बसलेल्या गोष्टीला कोणी हात लावत नाही. सर तारा सांगत, मी जुळवत असे. मधूनच अडकलेली कळ मी पेनाच्या टोपणाने उचकटत होते. शेजारी तालमीत थापा चालू होत्या. आपांनी चहा आणून ठेवला, तो साय धरून गेला.

शेवटी चित्र जागेवर बसलं. दीर्घिकेचा मध्य इथे, आणि क्ष-किरणांचा ठिपका त्याच्या किंचित बाजूला, जिथे नवे तारे जन्मत असतात त्या भागात.

मला त्याचा अर्थ सांगायला नको होता. एखाद्या मेलेल्या ताऱ्याचा उरलेला गाभा शेजारच्या ताऱ्याला ओरबाडून खात असला, तरी क्ष-किरण निघतात. तशा जोड्या प्रत्येक साध्या दीर्घिकेत असतात. वाड्यात दिवा लागला म्हणून मालक जागा आहे असं आपण समजावं, आणि दिवा भाडेकरूच्या खोलीतला निघावा, तसं.

“बाजूला हाय,” सर हळूच म्हणाले.

“खात्रीने?”

“खात्री कुठली. जुळवन्यात जेवढी चूक होऊ शकते तेवढी धरली तर तिचं टोक अजून मध्याला शिवतंय. ठेवलीस तर भांडता येईल. परीक्षक मानतीलही.” त्यांनी चष्मा काढला. “मी सही करतो.”

“म्हणजे होकार?”

“काढलीस तरी होकार. पेपर तुझा हाय, पोरी. मी दोन महिने तेवढंच म्हनतोय.”

“तुम्ही काहीच म्हणत नव्हतात, सर!”

“इचारलं की. ती एकटी कोण? तू मला तीन मेलमध्ये ती किती महत्त्वाची हाय ते सांगितलंस. कोण हाय ते न्हाय सांगितलंस.”

मी ज्यासाठी आले होते ते मला मिळालं होतं. आपांनी आत येऊन आमची तोंडं पाहिली.

“काय झालं? कोन गेलं?”

“कुनी न्हाय,” सर म्हणाले. “एक दीर्घिका आजारी हाय.”

“मग जेवून घ्या,” आपा म्हणाल्या. “उपाशी पोटी काय समजनार हाय तुमाला.”

त्या जेवणातला रस्सा आजवरचा सर्वांत लाल होता. सरांना ठसका लागला, पाणी प्यावं लागलं. माझे डोळे तरीही कोरडेच राहिले. आपांनी हार मानली नाही. निघताना त्यांनी माझ्या पिशवीत लाल चटणीचा एक डबा ठेवला. “पुण्यात खा. सावकाश. तिकडं कुनी बघायला न्हाय.”

गंगावेश

संध्याकाळच्या बसला सोडायला संभादाच आला. “कट्ट्यावरचं दूध पिल्याबिगर सोडत न्हाय,” म्हणून त्याने रिक्षा गंगावेशीकडे वळवली. तिथे रस्त्याच्या कडेला म्हशी उभ्या असतात आणि गिऱ्हाईकाच्या समोर धार काढून फेसाळ दूध पेल्यात देतात. आमच्याकडे दूध तापवल्याशिवाय पिणं म्हणजे दुखणं ओढवून घेणं. इथे ते तापवणं म्हणजे म्हशीचा अपमान. मी पेला तोंडाला लावला आणि नाकाला फेस लागला.

तेवढ्यात आईचा फोन आला. आई माझ्याशी अहिराणीतच बोलते, मीही. तिने विचारलं, जेवलीस का, बाबा विचारताहेत की ते परदेशाचं काय झालं.

“हाव माय, जेवनू,” मी म्हणाले. “आते दूध पी ऱ्हायनू. त्यासले सांग, उद्या सांगसू.”

फोन ठेवला तेव्हा संभादा माझ्याकडे एकटक पाहत होता. पेला हातात तसाच.

“ताई,” तो म्हणाला, “कोठली शेस तू?”

मला आधी कळेना, की हे वाक्य कोण बोललं. शुद्ध अहिराणी, आणि आवाज अगदी खालचा.

“दोंडाईचानी,” मी म्हणाले. “आन तू?”

“पारोळाना.”

म्हणजे माझ्याच खानदेशातला. तो मिसरूड फुटायच्या वयात कुस्ती शिकायला कोल्हापूरच्या तालमीत आला होता. गुडघा गेला, कुस्ती गेली; परत जायची लाज वाटली. मग रिक्षा, मग लग्न, बायको इथली. “पैल्यांदा तालमीतली पोरं माझ्या बोलन्याला लई हसायची,” तो पुन्हा कोल्हापुरीत शिरत म्हणाला. “मग अशी उचलली ना ताई, की आता पुण्यामुंबईचं पावणं आलं की माझंच बोलनं ऐकून म्हनत्यात, अस्सल कोल्हापुरी!”

“घरी कोणाशी अहिराणी बोलतोस?”

“कुनाशी बोलू? बायकोला कळंना. पोरं हसत्यात.”

बसस्थानकापर्यंत तो माझ्याशी अहिराणीत बोलत राहिला. पारोळ्याचा किल्ला, भरताची वांगी, बहिणीचं लग्न. रिक्षाच्या आवाजात मला पुढे वाकून ऐकावं लागत होतं, कारण अहिराणीत संभादा अगदी हळू बोलतो. बस आली तसा त्याने माझी बॅग उचलली आणि कंडक्टरवर ओरडला, “आवो, ताईंना खिडकी द्या! पावणं हायत आमचं!”

कोल्हापूरची माणसं मोठ्याने बोलतात, वगैरे. माझं ते वाक्य ज्या एका माणसावर उभं होतं, तो पारोळ्याचा निघाला. तो कोल्हापूरचा नाही असं म्हणायची माझी हिंमत नाही, आणि त्याच्यासमोर तर मुळीच नाही. पण हजारोंच्या वतीने त्याला बसवायचा अधिकार मला कोणी दिला होता?

असे योगायोग पुरावा म्हणून धरत नाहीत, हे मला शिकवलेलं आहे, आणि मीही हा धरला नाही. मी फक्त बस सुटल्यावर लॅपटॉप उघडला आणि यादीतून ती एक ओळ काढली. रेघ पुन्हा काढली. मंद टोकाची उसळी गेली. नवी रेघ जुन्या लोकांच्या रेघेवर इतकी नीट बसली, की दोन रेघा आहेत हे सांगायला मला रंग बदलावा लागला.

परत

आता लेखाचा निष्कर्ष असा आहे, की मंद सक्रिय दीर्घिका पूर्वी समजल्या होत्या साधारण तेवढ्याच आहेत. मॅडम म्हणाल्या, “उत्तम. छापून येईल. कोणी वाचणार नाही.” सरांचा मेल आला, “आता ठीक.” खाली आपांच्या वतीने आणखी एक ओळ होती, ‘डबा संपला का?’

परदेशातल्या गटाला मी बदललेला आलेख पाठवला आणि कारण कळवलं. त्यांचं उत्तर फार सभ्य होतं. माझ्या काळजीपूर्वक कामाचं कौतुक केलं होतं, आणि ती जागा दुसऱ्या विषयासाठी दिल्याचं कळवलं होतं. इतक्या मऊ भाषेत नकार देता येतो, हे आमच्याकडे कोणाला माहीत नाही. आमच्याकडे ‘नही’ म्हणतात.

ही बातमी घरी कशी सांगायची, याचा विचार करून मी एका दुपारी जेवता जेवता फोन लावला. वडिलांना सांगितलं, की बाबा, ती जागा गेली, कारण मी मोजणीतून एक दीर्घिका काढली. वडील काट्यावरचे आहेत. एखादी गाडी मापात धरायची नाही, तर का धरायची नाही, हे त्यांना विचारावं लागत नाही. मग ते त्यांच्या शेजारच्या कोणाला तरी सांगताना ऐकू आले, की पोरीनं आकाशातून एक अख्खी दीर्घिका काढून टाकली. त्या आवाजात परदेशच्या जागेपेक्षा जास्त अभिमान होता. मी ते दुरुस्त केलं नाही.

मग आईने फोन घेतला.

“मंग ती आते कोठे गयी?”

“कोठेच नही, माय. जठे व्हती तठेच शे. फक्त मोजामा नही.”

“तठेच शे ना?” आईने खात्री करून घेतली. “मंग तू रडस कसाले?”

मी रडत नव्हते. ताटात आपांची चटणी होती, आणि मी ती जरा जास्त घेतली होती. आईला मी तसंच सांगितलं. जेवण झाल्यावर हात धुऊन आपांनाही कळवलं, “आपा, तुमचं तिखट शेवटी लागलं.”